इंग्रजी शब्द नेमका कुठे तोडायचा? मूळ, उपसर्ग आणि प्रत्यय ओळखण्याबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. बारावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमात झालं, आता स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. इंग्रजी उपसर्ग-प्रत्ययांची लांबलचक यादी तुम्ही पाठ केलीत, तरी पेपरात अनोळखी शब्द आला की तो कुठे तोडायचा ते सुचत नाही. 'इंटरेस्ट' तुम्ही 'इंटर' आणि 'रेस्ट' असा तोडलात आणि अर्थ लागेना. 'युनिक'च्या सुरुवातीला यू-एन दिसलं म्हणून तो शब्द नकारार्थी असेल असं वाटलं. मग विचारलंत, 'रूट, प्रीफिक्स, सफिक्स ओळखायचा एखादा पक्का नियम आहे का?'

शब्द तोडणं तुम्हाला येतंच आहे. अडतंय ते त्याच्या पुढे. तोडून हातात आलेला तुकडा खरोखर उपसर्ग आहे की नुसती अक्षरं जुळून आली आहेत, हे ठरवायचं कशावरून? यादी हे कधीच सांगत नाही. यादीत फक्त 'अन म्हणजे नाही, इंटर म्हणजे मधे' एवढंच असतं.

मराठीत मात्र तुम्ही हे रोज बिनचूक करता. शाळेत उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित शब्द शिकलात ते आठवा. 'सुविचार', 'सुपुत्र' यांत 'सु' उपसर्ग आहे, पण 'सुतार' म्हणजे चांगली तार असं कुणी म्हणत नाही. 'बेजबाबदार', 'बेइमान' यांत 'बे' आहे, 'बेडूक'मध्ये नाही. हे कळतं ते यादीमुळे नाही. 'जबाबदार' आणि 'इमान' हे शब्द तुम्हाला आधीपासून माहीत आहेत, आणि 'डूक' नावाची काही वस्तू नाही हेही माहीत आहे. उरलेला तुकडा ओळखीचा आहे की नाही, यावर आपण पुढच्या तुकड्याचा निर्णय करतो. इंग्रजीतही नेमकं हेच करायचं आहे. फरक इतकाच की इंग्रजीतले उरलेले तुकडे अजून तुमच्या ओळखीचे नाहीत, आणि ती ओळख यादी पाठ करून होत नाही.

हे किती खोल शिकायचं ते कशासाठी शिकताय त्यावर आहे. समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आणि उताऱ्यावरचे प्रश्न एवढाच हेतू असेल तर लॅटिनमधून आलेली थोडी मुळं आणि प्रत्ययांची नीट समज पुरते. नर्सिंग, फार्मसी, जीवशास्त्र याकडे जाणार असाल तर ग्रीक मुळांना पर्याय नाही. स्पेलिंग सुधारायचं असेल तर उपसर्गांचे संधी शिकावे लागतील, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनाच इंग्रजी शिकवते, आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त फायदा स्पेलिंगचा होतो, जरी बहुतेक जण येतात ते शब्दसंग्रह वाढवायला.

आता 'इंटरेस्ट'. आधी अक्षरं मोजा. 'इंटर' आणि 'रेस्ट' असते तर स्पेलिंगमध्ये दोन आर लागले असते. 'इंटरप्ट'मध्ये ते आहेत: 'इंटर' म्हणजे मधे, 'रप्ट' म्हणजे तोडणे, म्हणून दोन आर. 'इंटरेस्ट'मध्ये एकच आर आहे आणि तो 'इंटर'ने वापरून टाकला. उरलं ई-एस-टी. लॅटिनमध्ये 'एस्ट' म्हणजे 'आहे'. मधे आहे, म्हणजे त्या व्यवहारात ज्याचं काही गुंतलेलं आहे. म्हणूनच या शब्दाला हितसंबंध आणि व्याज हे अर्थ आहेत, आवड हा अर्थ नंतरचा. हे समजलं की परीक्षेत हमखास येणारी एक जोडीही सुटते: 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही तो, आणि काटेकोर वापरात 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा त्यात हितसंबंध नाही तो, म्हणजे निःपक्षपाती. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असावा, 'अनइंटरेस्टेड' नसावा.

तुम्ही 'इंटर' बरोबर ओळखलं होतंत, चुकली ती सीमारेषा. मी देवनागरीत लिहिते आहे म्हणून इथे उच्चार दिसतोय, पण तोडताना नजर नेहमी स्पेलिंगवर ठेवा. इंग्रजी स्पेलिंगला आपण वैतागतो, पण शब्दाचं घराणं तेच जपून ठेवतं. 'साइन'मध्ये जी का आहे, असा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. 'सिग्नल' आणि 'सिग्नेचर' शेजारी लिहा, तिथे तोच जी बोलतो. 'रिझाइन'मध्ये गप्प असलेला जी 'रेझिग्नेशन'मध्ये ऐकू येतो. 'असाइनमेंट'मध्ये तो परत गप्प. या सगळ्या शब्दांत मूळ एकच आहे, खूण. ऐकताना ते हरवतं, लिहिलेलं पाहिलं की सापडतं.

यातून ओळखण्याची पहिली आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाची कसोटी निघते. तुकड्याला भावंडं आहेत का ते बघा. एखादा तुकडा मूळ आहे असं वाटलं तर तोच तुकडा, साधारण तोच अर्थ घेऊन, आणखी दोन-तीन शब्दांत आला पाहिजे. 'इन्स्पेक्ट'मधून 'इन' काढलं, 'स्पेक्ट' उरलं. एकटा शब्द म्हणून 'स्पेक्ट' इंग्रजीत नाही. पण 'रिस्पेक्ट', 'प्रॉस्पेक्ट', 'स्पेक्टेटर', 'स्पेक्टॅकल्स' या सगळ्यांत तो आहे आणि सगळीकडे बघण्याशी संबंध आहे. आत बघणं, वळून बघणं म्हणजे दखल घेणं, पुढे दिसणारी शक्यता, बघणारा, बघायचं साधन. भावंडं मिळाली, म्हणजे मूळ खरं. आता 'अंकल' घ्या. यू-एन काढलं तर सी-एल-ई उरतं. त्याला कुठेच भावंड नाही, म्हणजे तिथे उपसर्ग नाही. 'प्रेडेटर'चं तसंच. पी-आर-ई दिसतं म्हणून 'आधी' असं वाटतं, पण त्याचं मूळ 'प्रेडा' म्हणजे शिकार किंवा लूट, आणि इंग्रजीत पी-आर-ई त्यापासून सुटं निघत नाही.

'युनिक'लाही हीच कसोटी लावा. 'युनिट', 'युनियन', 'युनिफॉर्म', 'युनिव्हर्स' अशी भावंडं रांगेने उभी राहतात आणि सगळ्यांत 'एक' हा अर्थ आहे. म्हणजे इथे यू-एन-आय हा तुकडा आहे, नकारार्थी यू-एन नव्हे. इथे उच्चारही मदत करतो. नकारार्थी उपसर्गाचा उच्चार नेहमी 'अन' असतो, 'यु' कधीच नाही. पण उलटं फसू नका. 'अनइन्फॉर्म्ड' हा शब्दही यू-एन-आय अक्षरांनीच सुरू होतो, आणि 'युनिफॉर्म'सुद्धा. घाईत दोन्ही सारखे दिसतात. पहिल्यात 'अन' अधिक 'इन्फॉर्म्ड', दुसऱ्यात 'युनि' अधिक 'फॉर्म'.

भाषा बोलणारेही कधी कधी चुकीच्या जागी तोडतात आणि ती तोड रूढ होते, हेही लक्षात असू द्या. 'हॅम्बर्गर' हा हॅम्बर्ग शहराच्या नावाला 'अर' लागून झालेला शब्द. लोकांना त्यात 'हॅम' दिसलं, उरलेलं 'बर्गर' सुटं झालं, आणि आज आपल्याकडे व्हेज बर्गर मिळतो. 'हेलिकॉप्टर'चे खरे तुकडे 'हेलिको' आणि 'प्टर', म्हणजे मळसूत्री फिरणारा आणि पंख. पण लोकांनी 'हेलि' सुटा काढला आणि त्यापासून 'हेलिपॅड', 'हेलिपोर्ट' केले. अशा शब्दांत आजचा तुकडा एक आणि मूळचा तुकडा दुसरा, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

आता तोडायची सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण डावीकडून, म्हणजे उपसर्गापासून करतात, कारण यादी तशी पाठ असते. मी उलट सांगते. शेवटापासून सोलत या. प्रत्यय आधी काढा, उरलेला शब्द इंग्रजीत आहे का बघा, मग पुढचा थर. मी हा आग्रह का धरते ते दोन शब्दांवरून दाखवते.

पेट्रोलच्या टँकरवर मागे लिहिलेलं असतं, 'हायली इन्फ्लेमेबल'. डावीकडून तोडणारा म्हणेल, 'इन' म्हणजे नाही, 'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारा, म्हणजे हा टँकर पेट घेत नाही. अर्थ नेमका उलटा झाला आणि इथे उलटा अर्थ धोक्याचा आहे. शेवटापासून या. 'एबल' काढा. उरतं 'इन्फ्लेम', आणि हे क्रियापद इंग्रजीत आहे: पेटवणे, भडकवणे. वैद्यकातलं 'इन्फ्लमेशन' त्यातूनच आलं. म्हणजे 'इन' आधी 'फ्लेम'ला चिकटला आहे, 'आत' या अर्थाने, आणि 'एबल' नंतर लागला. टँकरवरचा शब्द सांगतो: चटकन पेट घेणारा. या घोळामुळेच आता अनेक ठिकाणी सुरक्षेच्या सूचनांत 'इन' गाळून नुसतं 'फ्लेमेबल' लिहितात. दोन्हींचा अर्थ एकच.

दुसरा शब्द 'इन्व्हॅल्युएबल'. इथेही 'एबल' काढा. उरतं 'इन्व्हॅल्यू', पण असं क्रियापद नाही. म्हणजे 'एबल' शेवटी लागलेला नाही, आधी 'व्हॅल्युएबल' झाला आणि मग त्याला नकारार्थी 'इन' लागला. मोल करता येणार नाही इतका मौल्यवान, आपल्या भाषेत अमोल. कवडीमोल असं सांगायचं असेल तर शब्द 'व्हॅल्यूलेस'. दिसायला 'इन्फ्लेमेबल' आणि 'इन्व्हॅल्युएबल' सारखेच, पण आतली बांधणी वेगळी, म्हणून 'इन'चा अर्थही वेगळा.

यातून एक हाताशी ठेवण्यासारखी खूण मिळते. 'इन'च्या पुढे विशेषण असेल तर तो बहुधा 'नाही' असतो: 'इन्व्हिजिबल', 'इन्करेक्ट', 'इनअ‍ॅक्टिव्ह'. पुढे क्रियेचं मूळ असेल तर बहुधा 'आत': 'इन्जेक्ट', 'इन्हेल', 'इन्क्लूड', 'इम्पोर्ट'. बहुधा म्हणते आहे, नेहमी नाही. पण नवख्या शब्दावर अंदाज बांधायला ही खूण पुष्कळदा तारते.

थर कोणत्या क्रमाने चढले यावर अर्थ किती अवलंबून असतो, ते 'अनलॉकेबल' या एका शब्दात दिसतं. खिटी तुटलेला दरवाजा 'अनलॉकेबल' असतो, कारण तो 'लॉकेबल'च नाही. आणि पासवर्ड माहीत असलेला फोनही 'अनलॉकेबल' असतो, कारण तो 'अनलॉक' करता येतो. अक्षर न अक्षर तेच, फक्त 'अन' आधी लागला की 'एबल' आधी, एवढाच फरक. अशा शब्दाचा अर्थ वाक्यावरूनच ठरतो, तुकड्यांवरून नाही.

प्रत्ययाचा दुसरा फायदा परीक्षेत लगेच दिसतो. उपसर्ग बहुतेक वेळा अर्थ बदलतो, शब्दाची जात बदलत नाही. प्रत्यय जात सांगतो. 'डिसाइड' क्रियापद, 'डिसिजन' नाम, 'डिसायसिव्ह' विशेषण, 'डिसायसिव्हली' क्रियाविशेषण. रिकाम्या जागेत नाम हवं आहे एवढं कळलं तरी चारपैकी दोन पर्याय गळतात. उपसर्गाने जात बदलण्याची उदाहरणं आहेत, 'लार्ज'चं 'एनलार्ज', 'रिच'चं 'एनरिच', पण ती मोजकी.

'एल-वाय'बद्दल मुलांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून जरा थांबते. 'एल-वाय म्हणजे क्रियाविशेषण' असं शिकवलं जातं, मग 'फ्रेंडली' आणि 'कॉस्टली' विशेषणं कशी? प्रत्यय कशाला लागलाय ते पाहा. विशेषणाला लागला तर क्रियाविशेषण होतं: 'क्विक'चं 'क्विकली', 'स्लो'चं 'स्लोली'. नामाला लागला तर सहसा विशेषण होतं: 'फ्रेंड'चं 'फ्रेंडली', 'कॉस्ट'चं 'कॉस्टली'. आणि 'फॅमिली', 'रिप्लाय', 'अप्लाय' यांच्या शेवटी तीच अक्षरं असली तरी तिथे हा प्रत्ययच नाही.

सोलून झाल्यावर जे उरतं ते मूळ, आणि खरं कठीण काम इथे आहे, कारण मूळ दर वेळी त्याच रूपात येत नाही. संस्कृतातला 'कृ' धातू आठवा: 'कर', 'कार', 'कृती', 'क्रिया' ही सगळी त्याचीच रूपं, आणि आपल्याला ती परकी वाटत नाहीत. लॅटिनमधून आलेली मुळं अशीच रूप बदलतात. 'ट्रान्समिट'चं नाम 'ट्रान्समिशन', 'परमिट'चं 'परमिशन'. म्हणजे 'मिट' आणि 'मिस' हे एकच मूळ, अर्थ पाठवणे किंवा सोडणे. 'मिसाइल' आणि 'मिशन' त्याच घरातले. 'मिझरी'ची सुरुवातही एम-आय-एसने होते, पण ते या घरातलं नाही आणि 'चुकीचं' सांगणारा 'मिस' उपसर्गही तिथे नाही. 'प्रोड्यूस' आणि 'प्रॉडक्ट' यांत 'ड्यूस' आणि 'डक्ट' एकच, नेणे. एसटीतला 'कंडक्टर' यातूनच आला: 'कॉन' म्हणजे सोबत, 'डक्ट' म्हणजे नेणे, 'ऑर' म्हणजे करणारा. 'डिस्क्राइब' आणि 'डिस्क्रिप्शन' यांत 'स्क्राइब' आणि 'स्क्रिप्ट', लिहिणे. 'रिसीव्ह' आणि 'रिसेप्शन' यांत 'सीव्ह' आणि 'सेप्ट', घेणे. क्रियापद आणि त्याचं नाम शेजारी लिहायची सवय लावा, मुळाची दोन्ही रूपं आपोआप समोर येतात. यादीत 'मिट' पाठ केलेल्याला 'डिसमिस'मध्ये तेच मूळ दिसत नाही. जोडी लिहिणाऱ्याला ते दिसतं.

उपसर्गही रूप बदलतात, आणि इथे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचं पारडं जड आहे, कारण संधी आपण शाळेतच शिकतो. 'सत्' आणि 'जन' मिळून 'सज्जन', 'उत्' आणि 'लेख' मिळून 'उल्लेख'. पुढच्या अक्षराने मागच्याला आपल्यासारखं करून घेतलं. इंग्रजीत हेच 'इन'चं होतं. 'लीगल'च्या आधी तो 'इल' होतो, 'रेग्युलर'च्या आधी 'इर', 'पॉसिबल'च्या आधी 'इम'. उपसर्ग चार नाहीत, एकच आहे. यादीत मात्र ते चार वेगळे क्रमांक देऊन छापलेले असतात.

'कॉन' म्हणजे सोबत, तो 'कलेक्ट'मध्ये 'कॉल' होतो, 'करेक्ट'मध्ये 'कॉर', 'कम्बाइन'मध्ये 'कॉम'. सगळ्यांत जास्त वेश 'अ‍ॅड' बदलतो, अर्थ 'कडे'. 'अ‍ॅक्सेप्ट', 'अफर्म', 'अलोकेट', 'अपिअर', 'असिस्ट', 'अट्रॅक्ट' या सगळ्यांच्या सुरुवातीला तो आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा डी पुढच्या अक्षरात विरघळला आहे. म्हणून या शब्दांत दुसरं अक्षर दुहेरी असतं. एकदा हे कळलं की ही दुहेरी अक्षरं पाठ करावी लागत नाहीत.

'अकॉमोडेट' हा शब्द भल्याभल्यांचा चुकतो, कुणी एक सी लिहितं तर कुणी एक एम. तो तोडून लिहा: ए-सी, सी-ओ-एम, एम-ओ-डी, ए-टी-ई. पहिला तुकडा 'अ‍ॅड' होता, सी-पुढे त्याचा ए-सी झाला. दुसरा 'कॉम'. तिसरा 'मॉड' म्हणजे माप, 'मॉडरेट'मधला. दोन तुकडे सी-वर भिडतात, दोन एम-वर, म्हणून दोन सी आणि दोन एम. 'रेकमेंड'मध्ये 'रि' अधिक 'कॉम' अधिक 'मेंड', म्हणून सी एकच आणि एम दोन. 'डिसअपॉइंट'मध्ये 'डिस' अधिक 'अपॉइंट', म्हणून एस एक आणि पी दोन. 'डिससॅटिस्फाइड'मध्ये 'डिस' अधिक 'सॅटिस्फाइड', म्हणून एस दोन. 'मिसस्पेल' म्हणजे चुकीचं स्पेलिंग करणे, त्यातही दोन एस, आणि बरेच जण नेमका हाच शब्द चुकीचा लिहितात. 'गव्हर्नमेंट'मधला एन विसरता? 'गव्हर्न' अधिक 'मेंट' म्हणा. वर्गात मी हे शब्द फळ्यावर तुकड्यांत लिहून घेते आणि मुलं ते पुन्हा सहसा चुकत नाहीत. घोकून लिहिलेलं स्पेलिंग महिन्याभरात निसटतं, बांधणी समजलेलं टिकतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: स्पेलिंग बघा, शेवटापासून सोला, प्रत्येक थरानंतर खरा शब्द उरतोय का बघा, उरत नसेल तर तुकड्याची भावंडं शोधा, आणि मूळ किंवा उपसर्ग वेश बदलून आलाय का ते तपासा.

पण प्रत्येक शब्द तोडायचा नसतो, हेही सांगायला हवं. इंग्रजी हा अनेक थरांचा शब्दसाठा आहे. तळाचा थर जर्मानिक, म्हणजे जर्मन ज्या घराण्यातली त्याच घराण्यातला, रोजच्या व्यवहाराचा: 'हँड', 'वॉटर', 'मदर', 'ईट'. हे तोडण्यात अर्थ नाही. 'मदर'च्या शेवटी ई-आर आहे म्हणून 'मद करणारी' होत नाही. १०६६ साली उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढे दीर्घकाळ दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच राहिली, आणि फ्रेंचमधून लॅटिन घराण्यातले शब्द लोटले. त्यानंतर विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून थेट शब्द उचलले. आपल्याकडे तत्सम, तद्भव, देशी आणि फारसी-अरबी असे थर आहेत, तसंच हे.

थर ओळखल्याचा उपयोग असा. 'नेस', 'लेस', 'फुल', 'शिप', 'हूड' हे जुने जर्मानिक प्रत्यय काढले की जवळजवळ नेहमी पूर्ण शब्द उरतो: 'काइंडनेस'मधून 'काइंड', 'होपलेस'मधून 'होप'. तिथे काम सोपं. 'इटी', 'शन', 'एंट' हे लॅटिन घराण्यातले, ते काढल्यावर अनेकदा अर्धवट तुकडा उरतो, आणि मग भावंडांची कसोटी लागते. स्पेलिंगमध्ये पी-एच, 'क' असा उच्चार होणारा सी-एच, सुरुवातीचा पी-एस किंवा मधला वाय दिसला तर बहुधा ग्रीक: 'फोटोग्राफ', 'क्रॉनिक', 'सायकॉलॉजी', 'सिस्टिम'. ग्रीक मुळं सहसा ग्रीक मुळांशी जोडली जातात, पण सरमिसळ चालते. 'टेलिव्हिजन'मध्ये 'टेली' ग्रीक आणि 'व्हिजन' लॅटिन. आपण नाही का 'गैरसमज' केला, 'गैर' अरबी आणि 'समज' आपला.

ग्रीक मुळांना भिऊ नका, त्यांतली बरीच तुमच्या ओळखीची आहेत. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात असं मांडलं, आणि तेव्हापासून हे नातं बारकाईने तपासलं गेलं आहे. भूमितीतला 'पेरिमीटर' आणि आपली 'परिमिती' शेजारी ठेवा: 'पेरी' म्हणजे 'परि', आणि दुसरा तुकडा दोन्हीकडे मोजण्याचा. 'व्हेइकल' आणि 'वाहन' यांचं मूळ एकच, वाहून नेणे. 'डेंटिस्ट'मधला 'डेंट' म्हणजे 'दंत'. नकारासाठी आपण व्यंजनापुढे 'अ' आणि स्वरापुढे 'अन्' लावतो, 'असत्य' आणि 'अनंत'. ग्रीकही अगदी असंच करते, 'एटिपिकल' आणि 'अ‍ॅनार्की'. 'अ‍ॅनॉनिमस'मध्ये तर पुढचा तुकडाही 'नाम'च आहे, म्हणजे आपला 'अनामिक'. नर्सिंगच्या मुलींना मी 'हायपर' आणि 'हायपो' असेच शिकवते: 'उपरि' आणि 'उप', वर आणि खाली. 'हायपोग्लायसेमिया' तोडला की 'हायपो' खाली, 'ग्लाय' साखर, शेवटी रक्ताची अवस्था, म्हणजे रक्तातली साखर उतरणं. 'हायपर' झालं की चढणं. एका छोट्या तुकड्याने उपचार उलटा होतो, त्यामुळे इथे अंदाजाने चालत नाही.

मर्यादाही लक्षात घ्या. तुकडे शब्दाचा उगम सांगतात, आजचा अर्थ दर वेळी सांगत नाहीत. 'मॅन्युफॅक्चर' म्हणजे तुकड्यांनुसार हाताने बनवणे, आज तो यंत्रांचा शब्द आहे. म्हणून परीक्षेत तुकड्यांवरून अर्थाचा अंदाज करा आणि वाक्यात तो बसतोय का ते ताडून बघा. वाक्य आणि तुकडे भांडत असतील तर वाक्याचं ऐका.

सरावासाठी यादी बाजूला ठेवा आणि वही घ्या. एका पानावर एकच मूळ, त्याची दोन्ही रूपं, आणि वाचनात भेटेल तसं एकेक भावंड त्याच पानावर लिहीत जा. सुरुवात 'स्पेक्ट', 'पोर्ट', 'मिट', 'ड्यूस', 'स्क्राइब', 'सीव्ह', 'सीड' यांनी करा, कारण वर्तमानपत्राच्या कुठल्याही पानावर यांतली काही सापडतातच. 'सीड'च्या पानावर एक नोंद आधीच करून ठेवा. 'सक्सीड', 'प्रोसीड', 'एक्सीड' या तिघांतच सी-ई-ई-डी येतं. 'प्रिसीड', 'रिसीड', 'कन्सीड' यांच्यात सी-ई-डी-ई. आणि 'सुपरसीड' या घरातलाच नाही. त्याचं मूळ 'बसणे' आहे, म्हणून त्यात एस-ई-डी-ई.

आपण काढलेला तुकडा बरोबर आहे का हे तपासायला शब्दकोशातला व्युत्पत्तीचा भाग वाचा. मेरियम-वेब्स्टरच्या संकेतस्थळावर तो बऱ्याच शब्दांखाली असतो, आणि ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी तर फक्त त्यासाठीच आहे. दोन्ही फुकट आहेत. आधी स्वतः तोडून वहीत लिहा, मग उघडा. नोंदीत लॅटिन किंवा ग्रीक मुळाचा अर्थ दिलेला असतो, तो तुमच्या पानावर मुळाशेजारी लिहून ठेवा. तिथे 'इंटरेस्ट' काढलात की 'इंटर' आणि 'एस्ट' दोन्ही भेटतील.